चुकीनंतरची शिफ्ट

श्री. मार्तँ सँ-लुई
मुख्य प्रशिक्षक, माँट्रियल कॅनेडियन्स



तुमच्याकडे बचावपटूंच्या जागा सहा आहेत आणि दावेदार सात. नोआ डॉब्सन, लेन हटसन, माइक मॅथिसन, कायडन गूली आणि अलेक्झांडर कॅरिए ही पाच नावं तुम्ही झोपेतही लिहाल. उरलेल्या जागेसाठी जेडन स्ट्रुबल आणि आर्बर जॅकाय यांच्यात चुरस आहे. गेल्या हंगामात तुम्ही जॅकायला भरपूर सामने दिले. पण एप्रिलमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध प्लेऑफची मालिका सुरू झाली, तेव्हा तो धडधाकट असूनही सूट घालून वर बसला होता. हे पत्र त्याच्यासाठी आहे. त्याने कोणाला लिहायला सांगितलेलं नाही, आणि तो स्वतः असं काही म्हणणारही नाही. म्हणून मी लिहिते आहे.

सप्टेंबर २०२५ चा मध्य आहे. थोड्याच दिवसांत ब्रोसार्डच्या सराव रिंकवर तुमचं शिबिर सुरू होईल, आणि एकदा हंगामाची चाकं फिरायला लागली की अशा पत्रांना वेळ नसतो.

पत्र मराठीत आहे, कारण ज्या गोष्टीबद्दल मनापासून वाटतं ती मला याच भाषेत मांडता येते. तुम्ही वाढलात त्या लाव्हालमध्ये आणि नदीच्या अलीकडे आमच्या ब्रोसार्डमध्येही आता मराठी घरं आहेत. आमची पोरं पहाटे स्केट्सच्या नाड्या आवळतात. त्यांचे आजी-आजोबा पुण्याहून, नाशकाहून व्हिडिओ कॉलवर आधी विचारायचे, "किती गोल झाले?" माझी पोरगी बचावात खेळते हे कळल्यापासून प्रश्न बदलला आहे. आता विचारतात, "किती वेळ खेळवलं?" एवढ्या लांबून, बर्फ कधी पायाखाली न घेतलेल्या माणसांनी तुमच्या खेळाचं मर्म नेमकं ओळखलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांच्यासाठी दोन गोष्टी उलगडून सांगते, तेवढं तुम्ही सहन करा. खडकीच्या धनराज पिल्लेची हॉकी आम्हाला ठाऊक आहे. ही बर्फावरची वेगळी. सामना साठ मिनिटांचा, वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड. गोलरक्षक सोडून अठरा खेळाडू सज्ज असतात, पण बर्फावर एका वेळी पाचच, आणि त्यांत बचावपटू दोन. एक जोडी पाऊण मिनिट जीव तोडून धावते, धापा टाकत बाकावर येते, आणि दुसरी जोडी कठडा ओलांडून आत जाते. हीच पाऊण मिनिटाची शिफ्ट. पुढची शिफ्ट कोणाची, हे बाकामागे उभा असलेला प्रशिक्षक खांद्यावर थाप मारून सांगतो. तुमच्याकडे बचावपटूंचा हा हिशेब सहप्रशिक्षक स्टेफान रोबिदा पाहतात, पण शेवटचा शब्द तुमचा असतो.

आता हिशेब करून बघा. साठ मिनिटं गुणिले दोन जागा म्हणजे एकशेवीस मिनिटं सहा जणांत वाटायची. वरच्या चौघांना प्रत्येकी तेवीस मिनिटं दिली, की ब्याण्णव संपली. उरलेल्या अठ्ठावीसमध्ये तिसरी जोडी: चौदा-चौदा मिनिटं. त्यातली पाच मिनिटं एकाने पेनल्टी बॉक्समध्ये घालवली, किंवा सामना एका गोलावर आला आणि तुम्ही शेवटची दहा मिनिटं वरच्या चौघांवरच काढली, की तिसऱ्या जोडीच्या वाट्याला नऊ-दहा मिनिटं येतात. तेवढ्यात अंगही तापत नाही. प्रशिक्षक पत्रकारांसमोर खेळाडूबद्दल काहीही म्हणोत, लीग १९९७–९८ च्या हंगामापासून प्रत्येकाचा बर्फावरचा वेळ सेकंदापर्यंत जाहीर करते. त्या कागदावर विश्वास छापलेला असतो, आणि तो लपवता येत नाही.

त्या कागदाचा जाच तुमच्याइतका कोणी भोगला असेल असं मला वाटत नाही. तुमची उंची पाच फूट आठ इंच. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तुम्हाला एकाही संघाने निवडलं नाही. व्हरमाँट विद्यापीठात तुम्ही गुणांचे ढीग रचलेत, तरी नाही. कॅल्गरीने दोन हंगामांत मिळून ६९ सामने दिले, त्यांत तुमचे ४ गोल झाले. २००० च्या उन्हाळ्यात कोलंबस आणि मिनेसोटा या नव्या संघांना इतरांकडून खेळाडू उचलायचे होते. कॅल्गरीने तुम्हाला उघड्यावर ठेवलं आणि दोघांपैकी कोणीही तुमच्याकडे वळून पाहिलं नाही. मग कॅल्गरीने पैसे मोजून करार संपवला. टॅम्पा बेने हात दिला. चार वर्षांनी, जून २००४ मध्ये, स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना कॅल्गरीच्याच रिंकमध्ये दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत गेला आणि तो सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं तेव्हा तुम्ही गोल केलात. दोन दिवसांनी कप टॅम्पाचा झाला. त्या हंगामात तुमचे ९४ गुण होते, सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस करंडक तुमचा होता आणि सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडकही. पुढे २०१३ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, आर्ट रॉस पुन्हा तुमच्याकडे आला.

कॅल्गरीतला सँ-लुई आणि टॅम्पातला सँ-लुई यांच्या उंचीत तसूभरही फरक नव्हता. हात तेच, डोकं तेच. तुम्ही सुधारलात, घाम गाळलात, हे खरंच. पण त्या सुधारणेला जागा मिळाली ती कोणीतरी मिनिटं दिल्यामुळे. माझं हे मत तुम्हाला पटेल असं वाटतं, कारण प्रशिक्षक झाल्यावर तुम्ही नेमकं असंच वागलात. ९ फेब्रुवारी २०२२ ला तुम्ही या संघाची सूत्रं घेतलीत, तेव्हा ४५ सामन्यांत फक्त ८ विजय होते. व्यावसायिक संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव शून्य. त्याआधी तुम्ही कनेक्टिकटमध्ये आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांना शिकवत होता. या शहराने तेव्हा तुमच्या नेमणुकीवर भुवया उंचावल्या होत्या. मला मात्र तीच गोष्ट भावली होती. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते: चुकलेलं मूल बाकावर परतताना आधी प्रशिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघतं.

लेन हटसनच्या बाबतीत तुम्ही जे केलंत ते मी पूर्ण हंगामभर पाहिलं. हा पोरगा पाच फूट नऊ इंचांचा. २०२२ च्या ड्राफ्टआधी त्याने संघांना डॉक्टरांचं पत्र दाखवलं होतं, की हाडांची वाढ अजून पूर्ण झालेली नाही, उंची वाढू शकते. अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या हाडांचा दाखला घेऊन उमेदवारी करावी लागते, हे वाचून मला गलबलून आलं होतं. आपल्याच बेल सेंटरमध्ये भरलेल्या त्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी ६१ नावं पुकारली गेली. बॉस्टन विद्यापीठात त्याने पहिल्याच वर्षी ३९ सामन्यांत ४८ गुण मिळवले. बचावपटूचे हे आकडे आहेत! तरीही चर्चा हीच, की मोठ्यांच्या लीगमध्ये हा चिरडला जाईल.

२०२४ च्या शरदात तो चुकत होता. प्रतिस्पर्ध्याच्या विभागाच्या सीमेवरच्या निळ्या रेषेवर दोघा-तिघांना हुलकावणी देताना पक, म्हणजे खेळातली चकती, निसटायचा आणि प्रतिस्पर्धी मोकळा सुटायचा. कठड्यालगत त्याच्या दीडपट वजनाचा फॉरवर्ड त्याला बाजूला सारून पुढे जायचा. डिसेंबरच्या सुरुवातीला संघ पूर्व विभागाच्या तळाच्या आसपास होता आणि या शहरात अशा वेळी रेडिओवरची चर्चा फार कडू होते. तुम्ही काय केलंत? पुढची शिफ्ट दिलीत. त्याने ८२ पैकी ८२ सामने खेळले, सरासरी साडेबावीस मिनिटांहून जास्त. त्याच वेळी तुम्ही आंधळेपणाही केला नाही. पेनल्टी झाल्यावर एक खेळाडू कमी असताना बचाव करायचा असतो, त्या कामातून तुम्ही त्याला बहुतांशी दूर ठेवलंत. म्हणजे त्याला जे जमत नव्हतं ते त्याच्यावर लादलं नाहीत, आणि जे जमत होतं त्यातल्या चुका मात्र पोटात घातल्यात. याला मी शिकवणं म्हणते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ६ गोल, ६० असिस्ट, ६६ गुण. पदार्पणाच्या हंगामात बचावपटूने ६० असिस्ट करण्याचा लॅरी मर्फीचा १९८०–८१ चा विक्रम त्याने गाठला. ख्रिस चेलिओसचा नवोदित बचावपटूसाठीचा ६४ गुणांचा क्लबचा विक्रम मागे पडला. सर्वोत्तम नवोदिताचा कॅल्डर करंडक माँट्रियलला १९७२ मध्ये केन ड्रायडेननी मिळवून दिला होता, त्यानंतर थेट या पोराने. ड्रायडेन याच महिन्यात गेले. गोलपोस्टमध्ये उभं राहून खेळाकडे इतक्या विचारपूर्वक पाहणारा माणूस पुन्हा होणे नाही. त्यांच्या नावाशेजारी हटसनचं नाव लागलेलं त्यांनी पाहिलं, याचं मला समाधान आहे.

सँ-लुई साहेब, हटसनवर टाकलेला विश्वास मोठा होता, पण त्याचं फळ लवकर दिसत होतं. दोन चुका झाल्या तर तिसऱ्या शिफ्टला तो असा पास द्यायचा की अख्खं बेल सेंटर उभं राहायचं. ज्याची करामत टाळ्या मिळवते त्याच्या चुका पचवायला आपल्या सगळ्यांनाच सोपं जातं. जॅकायचं तसं नाही, आणि म्हणून तुमची खरी परीक्षा त्याच्यापाशी आहे.

हॅमिल्टनचा हा मुलगा सहा फूट चार इंचांचा. वडील कोसोव्होचे. त्यालाही कोणत्याच संघाने ड्राफ्ट केलं नाही, हे तुमच्या-त्याच्यातलं साम्य. महामारीने २०२०–२१ चा ज्युनिअर हंगाम गिळला, तेव्हा तो कॉस्टकोच्या दुकानात कामाला होता. सामान हलवायचं आणि उरलेल्या वेळात व्यायाम करायचा. २०२१ च्या शिबिरासाठी माँट्रियलने निव्वळ आमंत्रण दिलं होतं, करार नव्हता. तो त्याने तिथे खेळून मिळवला. पुढच्या वर्षी हॅमिल्टन बुलडॉग्सबरोबर ओंटारिओ लीगचं विजेतेपद घेतलं, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये थेट तुमच्या संघात. पहिल्या हंगामात ५१ सामने, ५ गोल, १३ गुण आणि १०१ पेनल्टी मिनिटं. फेब्रुवारी २०२३ मध्ये एडमंटनविरुद्धच्या मारामारीत त्याचा खांदा गेला आणि हंगाम तिथेच संपला.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडं थांबावंसं वाटतं. शहराने त्याला 'शेरीफ' म्हणून डोक्यावर घेतलं. कोणी आमच्या लहानखुऱ्या खेळाडूला धक्का दिला, की शेरीफ हातमोजे टाकून पुढे. प्रेक्षक खूष, सहकारी निर्धास्त. पण त्या कामाची किंमत त्याने खांद्याने चुकवली. हॉकीत असा खेळाडू अनेकदा एका खोलीत बंद होतो. संघाला त्याच्या मुठी हव्या असतात, म्हणून तो संघात असतो. आणि मुठी चालवतो म्हणून सामना अटीतटीचा झाला की तो बाकावर असतो. त्याच्या मुठींवर तुमचा भरवसा आहे, हे सगळ्यांना दिसतं. त्याच्या पायांवर आहे का? निळ्या रेषेवर तो अंतर कसं राखतो, समोरून वेगाने येणाऱ्याला आतल्या बाजूने वाट न देता कठड्याकडे कसं ढकलतो, पक हातात आल्यावर पहिला पास घाबरून काचेवर मारतो की डोकं वर करून मधल्याला देतो, याचं मोजमाप तुम्ही लोकांसमोर कधी फारसं मांडत नाही. चर्चा होते ती पेनल्टीची. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला लाव्हाल रॉकेटमध्ये, म्हणजे खालच्या संघात पाठवलं, तेव्हाही तो शिकायला गेला, असं सांगितलं गेलं. काय शिकायला? मारामारी कधी करू नये एवढंच असेल, तर ते ब्रोसार्डमध्येही शिकवता आलं असतं. खेळ शिकायला असेल, तर शिकून आल्यावर तो खेळ दाखवायला वेळ द्यावा लागतो.

तुम्ही 'सिस्टिम'पेक्षा 'संकल्पना' शिकवता, असं वारंवार म्हणता. खेळाडूने नियम पाठ करण्यापेक्षा परिस्थिती वाचावी, हा तुमचा आग्रह मला फार आवडतो. तुमच्या बचावात माणसाला माणूस धरण्याचा भाग मोठा आहे. त्यात बचावपटूला क्षणात ठरवावं लागतं, की याच्या मागे जायचं की जागा राखायची. पण परिस्थिती वाचायला शिकवायचं, तर खेळाडूला चुकीचं वाचण्याची मुभा लागते. पुढची शिफ्ट मिळेल की नाही या धास्तीत असलेला बचावपटू काहीच वाचत नाही. पक मिळाला की काचेवर आपटून मोकळा होतो. त्याची चूक होत नाही, आणि तो शिकतही नाही. वरवर पाहणाऱ्याला तो 'साधा खेळ' वाटतो आणि त्याचं कौतुकही होतं. माझ्या मते तो भीतीचा खेळ आहे.

या शहराने भीतीचं राजकारण एकदा पाहिलं आहे. याच संघाचा बचावपटू पी. के. सुबान. २००७ च्या ड्राफ्टमध्ये ४३ वा, २०१३ चा नॉरिस करंडक विजेता, म्हणजे त्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम बचावपटू. फेब्रुवारी २०१६ मध्ये कोलोराडोविरुद्ध त्यांच्याच रिंकमध्ये बरोबरी असताना प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेजवळ तो पडला, पक गेला आणि विजयी गोल झाला. उरलेली मिनिटं तो बाकावर होता, आणि सामन्यानंतर प्रशिक्षकांनी पराभवाचा ठपका त्या चुकीवर ठेवला. त्या जूनमध्ये तो नॅशव्हिलला गेला आणि शे वेबर इकडे आला. व्यवहार चांगला की वाईट, यावर आमच्याकडे अजून वाद होतात आणि मला त्यात शिरायचं नाही. मला त्या रात्रीची ती दोन-अडीच मिनिटं डाचतात. गोल करण्याची गरज असताना, गोल करू शकणारा सर्वोत्तम बचावपटू बाकावर बसला होता, कारण त्याला धडा शिकवायचा होता. नॉरिस घरात असलेल्याची ही गत, तर तिसऱ्या जोडीतल्या पोराने काय समजावं?

तुम्ही तसे नाही. तुम्ही खेळाडूला माध्यमांसमोर उघडा पाडत नाही, हे मी साडेतीन वर्षं पाहते आहे आणि त्याबद्दल मनात आदर आहे. पण न बोलता बसवणं हेही बोलणंच असतं, आणि ते घरोघरी ऐकू जातं. माझी लेक बचावात खेळते, हे वर आलंच. एका मोसमात तिच्या प्रशिक्षकांनी दुसऱ्या पिरियडपासून चार मुलींवरच सामने खेळायला सुरुवात केली. जिंकायचं होतं, जिंकलेही. गॅलरीत पालकांच्या हातात मोबाइलवरची स्टॉपवॉच होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. लेक घरी येऊन मला एवढंच म्हणाली, "आई, मी चुकू नये म्हणून मला खेळवत नाहीत, मग मी बरोबर कधी खेळू?" तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. या प्रांतातले शेकडो हौशी प्रशिक्षक शनिवारी रात्री तुम्हाला बघतात आणि रविवारी सकाळी तुमच्यासारखे वागतात. तुम्ही सहाव्या बचावपटूला कसं वापरता, यावर लाव्हालच्या आणि लाँगयच्या रिंकवर दहा वर्षांच्या मुलांची मिनिटं ठरतात. हे ओझं तुमच्यावर आहे, तुम्ही मागितलेलं नसलं तरी.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. बेल सेंटरमध्ये एकवीस हजार माणसं बसतात. चोवीस स्टॅन्ली कप जिंकलेल्या या क्लबला शेवटचा मिळाला त्याला यंदा बत्तीस वर्षं झाली. गेल्या हंगामात शेवटच्या सामन्यात कॅरोलायनाला हरवून तुम्ही संघाला प्लेऑफमध्ये नेलंत, वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाच्या अंतिम तिघांत तुमचं नाव आलं, आणि आता कोणी 'पुनर्बांधणी' हा शब्द ऐकून घेणार नाही. जूनमध्ये डॉब्सनला आणलंत. असा खेळाडू मिनिटं मागतोच. एका गोलाची आघाडी आणि चार मिनिटं उरलेली असताना जॅकायला पाठवा, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल आणि ते योग्यच होईल. विश्वास कमवावा लागतो, तो वाटायचा प्रसाद नव्हे, हेही खरं. जॅकायनेही आपला वाटा उचललाच पाहिजे: शिटी वाजल्यानंतरचा धक्का, रागाच्या भरात उचललेली काठी, संघाला दोन मिनिटं चार जणांवर टाकणारी हौस. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी हे कळायला हवं.

पण तो विश्वास कमवायचा तरी कुठे? आमच्याकडे क्रिकेटमध्ये कोवळ्या फिरकीपटूला षटकार बसला की सगळे कर्णधाराकडे बघतात. चेंडू काढून घेतला, तर तो पोरगा पुढल्या सामन्यात चेंडूला उंची द्यायलाच घाबरतो. आणखी एक षटक दिलं, तर त्याच फलंदाजाला त्याच चेंडूवर फसवायची संधी त्याला मिळते. दोन्हींत धोका आहे. पहिल्यातला धोका धावफलकावर दिसत नाही, एवढाच फरक.

जस्टिन बॅरनचं उदाहरण ताजं आहे. तरुण बचावपटू, कधी आत कधी बाहेर, आणि गेल्या डिसेंबरात नॅशव्हिलला रवाना; बदल्यात कॅरिए आला. कॅरिए उत्तम आहे, संघ त्याच्यामुळे स्थिरावला, त्याबद्दल तक्रार नाही. पण बॅरनला आपण खरोखर ओळखलं का, की त्याच्या तुटक-तुटक शिफ्टच फक्त मोजल्या? जॅकायचा सध्याचा करार पुढच्या उन्हाळ्यात संपतो. तोवर त्याच्याबद्दलचा निर्णय घ्यायचाच आहे. तो घेताना तुमच्यासमोर सलग पंचवीस-तीस सामन्यांचा त्याचा खेळ असावा. एक सामना आत, दोन बाहेर, असा चुरा नसावा.

म्हणून नेमकं मागते. हंगामाच्या सुरुवातीचे पंचवीस सामने त्याला सलग द्या, आणि तसं त्याला आधीच सांगा. त्याने वाईट खेळ केला तरी उद्याच्या यादीत त्याचं नाव आहे, हे त्याला माहीत असू दे. पेनल्टी घेतली तर ती दोन मिनिटं त्याने बॉक्समध्ये भोगलेलीच असतात. बाहेर आल्यावर पुन्हा शिक्षा नको. चूक झाली तर रोबिदांनी बाकावर टॅबलेटवर ती दाखवावी, आणि जोडीची पाळी आली की थाप त्याच्याही खांद्यावर पडावी. गोल खाल्ल्यानंतर लगेचची शिफ्ट त्याला द्यायची हिंमत एकदा तरी करा. पंचवीस सामन्यांनंतर स्ट्रुबल सरस वाटला, तर स्ट्रुबलला खेळवा. मी एक अक्षर काढणार नाही.

आणि दुसरा पिरियड. त्या पिरियडमध्ये बाजू बदलतात, आपला बाक आपल्या गोलपासून दूर जातो आणि थकलेल्या बचावपटूंना बदली घ्यायला अर्धं रिंक ओलांडावं लागतं. अडकलेली जोडी दीड-दीड मिनिट आत राहते आणि तिथेच गोल होतात. त्यामुळे प्रशिक्षक या वीस मिनिटांत तिसऱ्या जोडीला झाकून ठेवतात. मला तिथेच जॅकाय हवा आहे. त्याच्याकडे पोच आहे, ताकद आहे. दमलेला असताना पाय जड झाले की त्याने मारामारी न करता, काठी आडवी न घालता, फक्त उभं कसं राहायचं, हे तो तिथेच शिकेल. शिबिरादरम्यानच्या सराव सामन्यांपासून सुरुवात करा. त्या सामन्यांचे गुण कोणी धरत नाही. मी लेकीला घेऊन येईन, आणि दुसऱ्या पिरियडमध्ये जॅकायच्या बहात्तर नंबरवर नजर ठेवून बसेन.

आपली,
ब्रोसार्डची एक मराठी आई